जाडजूड राजकीय कादंबरीची ग्राफिक नॉव्हेल कशी करायची, ‘१९८४’ समोर ठेवून

हात चांगला आहे म्हणून कादंबरीची ग्राफिक नॉव्हेल होत नाही आणि कादंबरी तोंडपाठ आहे म्हणूनही होत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आपल्या गोव्यात दोन्ही प्रकारची माणसं आहेत. आल्तिनोच्या कला महाविद्यालयातून बाहेर पडलेली, हात साफ असलेली पोरं आहेत, आणि फोंडा, डिचोली, पेडण्याकडे वर्षानुवर्षं वाचनालयं सांभाळणारी, दिवाळी अंक बाइंडिंग करून ठेवणारी मंडळीही आहेत. पण ही दोघं एका टेबलावर बसली की आधी भांडणच होतं. चित्रकार म्हणतो एवढा मजकूर बसवू कुठे, वाचणारा म्हणतो हे वाक्य काढलंस तर पुढे वाचूच नकोस मला. आणि गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की राजकीय कादंबरीतलं राजकारण भाषणांमध्ये नसतं. कोण कोणाला बघू शकतो, कोणाला आपल्यावर नजर आहे हे माहीत असतं, कोणाला नसतं, राजकारण तिथे असतं. आणि कॉमिक्सचं पॅनल, ती एकेका चित्राची चौकट, म्हणजे दुसरं काय, कोणाची तरी नजरच ना. त्यामुळे हे काम तुम्हाला वाटतं तेवढं अवघड नाही, फक्त पेन्सिल उचलायच्या आधी खूप काही ठरवावं लागतं, ते काय काय ते बघू.

मी उदाहरणाला ऑर्वेलची ‘१९८४’ घेतोय, कारण बहुतेकांनी ती वाचलीय किंवा निदान वाचल्याचं सांगितलंय.

पहिलं काम हक्कांचं, आणि हे लोक शेवटी करतात. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात. ऑर्वेल गेला २१ जानेवारी १९५० ला, म्हणजे मोजणी १ जानेवारी १९५१ पासून, आणि २०११ उजाडल्यावर भारतात कादंबरी सगळ्यांसाठी मोकळी झाली. ब्रिटनमध्ये ७० वर्षं असल्यामुळे तिथे २०२१ ला मोकळी झाली आणि त्या सुमारास युरोपात चित्ररूपांतरांची रांगच लागली. (ती आत्ता बघू नका. तुमचे सगळे थंबनेल, म्हणजे पानांचे छोटे कच्चे आराखडे, होईपर्यंत अजिबात नको, एकदा दुसऱ्याची चौकट डोक्यात बसली की उठत नाही.) अमेरिकेत मात्र हिशोब वेगळा, तिथे १९४९ साली छापलेल्या पुस्तकाचा हक्क २०४४ संपेपर्यंत चालतो. म्हणजे पुस्तक छापून पणजीत, पुण्यात विकायला हरकत नाही, पण अमेरिकन साइटवर जगभरासाठी विक्रीला टाकाल तर अडकाल, तिथे विक्रीचे देश निवडायचा पर्याय असतो तो नीट बघून भरा.

दुसरी गोष्ट, मराठी भाषांतरातली वाक्यं उचलायची नाहीत. मूळ पुस्तक मोकळं झालं तरी भाषांतरकाराचा हक्क वेगळा असतो आणि त्याची ६० वर्षं वेगळी मोजतात. इंग्रजी मूळ समोर ठेवा आणि फुग्यातलं मराठी स्वतः लिहा, नाहीतरी छापील भाषांतराचं वाक्य फुग्यात मावत नाही.

आता कोणीतरी विचारणारच की मग ‘सिंहासन’ का नाही. करा की, पण अरुण साधू गेले २०१७ ला, म्हणजे त्या कादंबरीवर २०७७ संपेपर्यंत वारसांचा हक्क आहे, लेखी परवानगी घेतल्याशिवाय एक पानही बाहेर टाकू नका. परवानगी वगैरे नकोच असेल तर रवींद्रनाथांची ‘घरे बाइरे’ आहे, स्वदेशीचा सगळा गुंता आहे त्यात. तसा आपल्याकडे हक्क ५० वर्षांचाच होता, टागोरांची ५० वर्षं १९९१ ला भरत आली तेव्हा तो वाढवून ६० केला, आता तीही उलटून गेली. आणि आपल्याच घरातलं हवं असेल तर नावेलीच्या फ्रान्सिस्को लुईस गोमिश यांची १८६६ सालची पोर्तुगीज कादंबरी ‘Os Brahmanes’ आहे, तिची पार्श्वभूमी १८५७ च्या आसपासच्या अवधची. गोमंतकीयाने लिहिलेली पहिली कादंबरी म्हणून शाळेत नाव घोकलेलं असतं, वाचलेली कोणी नसते. पणजीत पाटोला कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन चौकशी करा.

असो. ‘१९८४’ वर येतो.

हिशोब आधी करा

इंग्रजी कादंबरी ९० हजार शब्दांच्या आसपास आहे. तुमचं पुस्तक समजा १६० पानांचं. पानात सरासरी ८० ते ९० शब्दांपेक्षा जास्त घातले की ते कॉमिक्स राहत नाही, सचित्र निबंध होतो. म्हणजे तुमच्याकडे जागा आहे साधारण १३-१४ हजार शब्दांची. सातातले सहा शब्द जाणार. हे भिंतीवर लिहून ठेवा, कारण ग्रुपमधला वाचणारा माणूस दर आठवड्याला एकेक परिच्छेद परत आत सरकवायला बघतो.

मग वाचायची. एकदा सरळ, पेन्सिल न घेता. दुसऱ्यांदा तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन. जे चित्रात दिसू शकतं ते निळं, जे कोणीतरी बोलल्याशिवाय कळणारच नाही ते लाल, आणि जे फक्त लेखकाचं समजावणं आहे ते पिवळं. पिवळं सगळं कापायचं असं नाही, पण आधी संशय पिवळ्यावर घ्यायचा. कादंबरीचे तीन भाग आहेत, ८, १० आणि ६ प्रकरणांचे. पहिला भाग पिवळ्याने भरलेला निघतो कारण त्यात लेखक जग उभं करतोय, आणि जग उभं करायचं काम तर चित्र फुकटात करतं, त्यामुळे पहिल्या भागावर कात्री सर्वात जोरात चालवा. ४५ पानांत आवरतो. तिसऱ्या भागाला मात्र भरपूर जागा ठेवा, तिथे घटना कमी आहेत पण तिथे घाई केली की सगळंच फुकट.

खोलीचा प्लॅन काढा

हे मी सगळ्यांना सांगतो आणि सगळे टाळतात. कादंबरीचा नायक विन्स्टन, त्याच्या खोलीचा वरून दिसणारा प्लॅन काढा, घर बांधताना इंजिनिअर काढतो तसा, माप टाकून. कारण पूर्ण कादंबरी त्या प्लॅनवर उभी आहे. इतर घरांत टेलिस्क्रीन, म्हणजे माणसाला बघणारा आणि ऐकणारा सरकारी पडदा, खोलीच्या टोकाच्या भिंतीवर असतो, तिथून त्याला सगळी खोली दिसते. विन्स्टनकडे तो लांब भिंतीवर आहे, खिडकीच्या समोर, आणि त्याच्या बाजूला भिंतीत एक उथळ आत गेलेली जागा आहे, बहुतेक पुस्तकांच्या कपाटासाठी ठेवलेली. तिथे तो पाठ टेकून बसला की पडद्याला दिसत नाही. ऐकू मात्र येतो. त्या दोन-तीन फुटांत बसून तो डायरी लिहितो, बस्स, सगळं बंड तेवढ्या जागेत.

आता हे लेखकाला एका परिच्छेदात समजवावं लागलंय. तुम्हाला कॅप्शनची गरज नाही. पॅनल एक, विन्स्टन त्या कोपऱ्यात, गुडघे जवळ घेऊन, डायरी उघडी. पॅनल दोन, टेलिस्क्रीनच्या जागेवरून दिसणारी खोली: खिडकी, रिकामी भिंत, कोणीही नाही. आणि त्या रिकाम्या खोलीत एका कडेने आत येणारा बारीक आवाज, निबचा, खर्र खर्र. झालं. वाचकाला प्लॅन पण कळला आणि भीती पण कळली. पण हे जमायला प्लॅन आधी लागतो, नाहीतर पान २० वर खिडकी डावीकडे आणि पान ९० वर उजवीकडे जाते, आणि या पुस्तकात ती चूक वाचक पकडतोच, कारण त्याला तुम्हीच कोपरे बघायला शिकवलेलं असतं.

दुसरा प्लॅन काढा चॅरिंग्टनच्या जुन्या वस्तूंच्या दुकानावरच्या खोलीचा, जिथे विन्स्टन प्रेयसीला, ज्युलियाला, चोरून भेटतो. इथे तर सोनंच आहे. विन्स्टन आणि ज्युलियाला वाटतं या खोलीत टेलिस्क्रीन नाही. भिंतीवर एका जुन्या चर्चचं चित्र आहे, लाकडी फ्रेम, भिंतीला स्क्रूने पक्की बसवलेली. ज्युलिया एकदा म्हणते की त्याच्या मागे ढेकूण असणार, कधीतरी काढून साफ करीन. आणि शेवटी कळतं की टेलिस्क्रीन त्या चित्राच्याच मागे होता.

तर करायचं काय. त्या खोलीतला प्रत्येक प्रसंग काढताना तिसरं-चौथं एक पॅनल त्या फ्रेमच्या जागेवरून काढायचं. जरा वरून, तोच कोन, तीच उंची, दर वेळी अगदी तेच. काही बोलायचं नाही, बाण दाखवायचा नाही. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ते साधं वरून काढलेलं चित्र वाटतं. मग पकडले जातात तेव्हा तोच कोन परत येतो आणि या वेळी त्यात आवाज असतो. वाचक मागे पानं उलटून बघायला लागतो की हा कोन आधी कुठे होता. कादंबरीला हे असं करता येत नाही, तुम्हाला येतं, मग सोडता कशाला.

अजून एक. त्याच खोलीत उंदीर निघतो, ज्युलिया चप्पल-बूट जे हाताला लागेल ते फेकते आणि विन्स्टन पांढराफटक पडतो. ते एक पॅनल फ्रेमच्या कोनातून काढलंच पाहिजे. पुढे बऱ्याच पानांनंतर छळाच्या खोली क्रमांक १०१ मध्ये उंदरांचा पिंजरा येतो तेव्हा पाळत ठेवणाऱ्यांना हे कसं कळलं असा प्रश्न वाचकाला पडणार नाही, त्याने ते बघितलेलं असतं, त्यांच्याच जागेवर बसून बघितलेलं असतं.

पानाची चौकट

पहिल्या भागाला नऊ पॅनलची कडक जाळी ठेवा, तीन बाय तीन, सगळे सारखे. कंटाळवाणी दिसते? दिसू दे. ऑफिसात बसून जुन्या बातम्या बदलणाऱ्या माणसाचं आयुष्य तसंच आहे. मग दुसऱ्या भागात दोघं पहिल्यांदा शहराबाहेर भेटतात तिथे जाळी मोडा, पानभर चित्र, किनारच नको, झाडं कागदाच्या बाहेर जाऊ द्या. हा श्वास एकदाच द्यायचा. मी बघितलंय, चित्रकाराला एकदा पानभर चित्र काढायला दिलं की त्याला पुढे प्रत्येक प्रसंग पानभरच दिसायला लागतो, त्याला आवरा.

तिसऱ्या भागात सगळ्यात मोठा मोह अंधाराचा. कोठडी म्हटली की आपला हात आपोआप काळ्या शाईकडे जातो. आग्वादचा तुरुंग आता संग्रहालय म्हणून बघता येतो, आपल्या स्वातंत्र्यसैनिकांना ठेवलं होतं तिथे, तुम्ही स्केचिंगला जाल आणि जायलाच पाहिजे, दाराची जाडी, माणूस आणि भिंत यातलं अंतर, हे सगळं तिथे उभं राहून कळतं. पण प्रकाश तिथून आणू नका. ऑर्वेलच्या कोठडीत भिंती पांढऱ्या चकचकीत विटांच्या, छत उंच, दिवे लपवलेले, खिडकी नाही, चारही भिंतींवर एकेक टेलिस्क्रीन, आणि दिवा कधीच विझत नाही. ‘जिथे अंधार नाही तिथे आपण भेटू’ हे वाक्य विन्स्टनला आधी आशेचं वाटलेलं असतं, ती जागा ही. म्हणजे तिसऱ्या भागात हॅचिंग (रेघारेघांची छटा) बंद, सावली बंद, पांढरं पान आणि त्यावर बारीक रेघ. पहिल्या दोन भागांत काळा भरपूर वापरला असेल तरच हे लागतं, म्हणून ते आधीपासून ठरवायचं. आमचा चित्रकार साखळीचा, त्याला हे सांगितलं तर म्हणाला, ‘अरे बाबा, मग माझं कामच काय राहिलं?’ मी म्हटलं चेहरा. विन्स्टनला छळणाऱ्या ओब्रायनचा थकलेला, जवळजवळ मायाळू चेहरा. तो जमला नाही तर पांढऱ्याचा काही उपयोग नाही.

भलंमोठं पुस्तक मधेच येतं त्याचं काय

दुसऱ्या भागाच्या नवव्या प्रकरणात विन्स्टनच्या हाती सरकारचा शत्रू ठरवलेल्या गोल्डस्टाइनचं बंदी असलेलं पुस्तक येतं आणि मग पानंच्या पानं राजकीय सिद्धांत. इथे बहुतेक जण गचकतात. काही जण सगळं काढून टाकतात, मग कादंबरीचा मेंदूच गेला. काही जण ओब्रायनसारख्या कोणाच्या तरी तोंडी लांब फुगे घालतात आणि चार पानं नुसती डोकी बोलत राहतात.

माझा सल्ला, ते पुस्तक पुस्तक म्हणूनच दाखवा. ऑर्वेलने वर्णन करून ठेवलंय, जड, काळं, हौशी बाइंडिंगचं, मुखपृष्ठावर नाव नाही, छपाई किंचित वाकडी, पानांच्या कडा झिजलेल्या. चार ते सहा पानं तशीच छापा. जुन्या ट्रेडल छपाई यंत्रासाठी कंपोज केलेल्या मजकुराचे फोटो जमवा, कुठे शाई जास्त, कुठे अक्षर अर्धं उठलेलं, तसं टेक्श्चर करा. सालाझारच्या राजवटीत गोव्यात वर्तमानपत्राचा मजकूरही सेन्सॉरकडून सुटल्याशिवाय छापता येत नव्हता, त्या काळात चोरून वाटलेल्या पत्रकांबद्दल घरातल्या जुन्या माणसांना विचारा, कागद कसा असायचा, लपवायचे कुठे, घडी केवढी घालायचे. कोणाच्या आजोबांच्या पेटीत असा एखादा कागद निघाला तर त्याचा फोटो घ्या, घडीच्या रेघांसकट. असे तपशील गुगलवर मिळत नाहीत.

आणि त्या छापील पानांच्या समासात दोघांना ठेवा. विन्स्टन मोठ्याने वाचतोय, ज्युलिया पडून ऐकतेय, पुढच्या पानाच्या समासात ती कुशीवर वळलीय, त्याच्या पुढच्या पानात झोपलीय. कादंबरीतही ती झोपतेच. सिद्धांत वाचून कंटाळलेला तुमचा वाचक तिला बघून हसेल आणि तरीही वाचेल. युद्ध कशासाठी चालू ठेवायचं हा मुद्दा या पानांत यायलाच हवा. बाकी तुमच्या निवडीवर.

चेहरा कोणाचा

मोठ्या भावाच्या, म्हणजे कादंबरीतल्या हुकूमशहाच्या, पोस्टरवर सध्याच्या कुठल्या पुढाऱ्याचा चेहरा चिकटवायचा मोह होतो. नको. एक तर कादंबरीत वर्णन आहे, पंचेचाळिशीचा माणूस, जाड काळी मिशी, आणि तो प्रत्यक्षात एकदाही दिसत नाही. दुसरं, पुढारी ओळखता आला की वाचक हसून मोकळा होतो, भीती संपते. आणि तिसरं, आपल्या गोव्यात आज कोणता आमदार कुठल्या पक्षात आहे ते पुस्तक छापून येईपर्यंत तसंच राहील याची खात्री कोण देणार, तुमचा विनोद शिळा होऊन येईल.

त्याच कारणासाठी सगळी कथा उचलून पणजीत आणू नका. मांडवीच्या काठी सत्य मंत्रालय, म्हणजे विन्स्टनचं ऑफिस, ही कल्पना ऐकायला झकास वाटते, पण मग वाचक पहिली तीस पानं कुठली बिल्डिंग कुठे आहे ते ओळखत बसतो. लंडन लंडनच ठेवा. मंत्रालय म्हणजे पांढरा, पायऱ्यापायऱ्यांचा, ३०० मीटर उंच पिरॅमिड, आणि आजूबाजूला बॉम्बने पडलेली घरं. युद्धानंतरच्या लंडनचे फोटो भरपूर मिळतात. गोव्यातून घ्यायचं ते माणसांचं वागणं. बाजारात ओळखीचा माणूस दिसल्यावर मान न हलवता निघून जाणं, शेजारी आला की रेडिओचा आवाज कमी करणं, हे ज्यांनी १९६१ च्या आधीचे दिवस बघितले ते तुम्हाला करून दाखवतील, त्यांचे हात बघा, तसे काढा.

रेषेसाठी मारियो मिरांडा बघाच. रेइश मागुशच्या किल्ल्यात त्यांची चित्रं लावलेली आहेत. नक्कल करायला नाही, गर्दी कशी काढतात ते बघायला. शंभर माणसं असूनही प्रत्येकाचं काहीतरी वेगळं चाललेलं असतं. द्वेषाच्या दोन मिनिटांचा प्रसंग, जिथे सगळे जमून पडद्यावरच्या शत्रूवर ओरडतात, तो काढताना हे उलटं वापरायचं, सुरुवातीला प्रत्येक चेहरा वेगळा, आणि पॅनलगणिक सगळे एकसारखे होत जातात. जाता जाता, कादंबरीत एक व्यंगचित्रकारही आहे, रदरफोर्ड, एकेकाळी त्याच्या चित्रांनी लोक पेटून उठायचे, आणि आता कॅफेत बसून आहे, चेहरा सुजलेला, जुनीच चित्रं परत परत काढतो. चित्रकार मंडळी हे पात्र कापायला कधीच तयार होत नाहीत, आणि मीही त्यांच्याच बाजूने.

स्क्रिप्ट

स्क्रिप्ट कादंबरीसारखी लिहू नका, कामाची यादी म्हणून लिहा. आमच्याकडे असं असतं:

पान १४, पॅनल ३. बाजूने. नाकतोड नळीचं झाकण उघडं, विन्स्टनचा हात आत, कागद बोटातून सुटतोय. चेहरा नको. आवाज: नळीतला वारा. फुगा नाही.

पान १४, पॅनल ४. तोच कोन. झाकण बंद. हात टेबलावर परत. फुगा नाही.

‘नाकतोड नळी’ हे कादंबरीतल्या ‘मेमरी होल’चं, नको असलेले कागद जाळायला टाकायच्या भोकाचं, आमचं आपलं चेष्टेतलं नाव, तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा, पण सगळ्या पानांवर एकच म्हणा. प्रत्येक पॅनलला कॅमेरा कुठे आणि कोणाचा, हे पहिलं. काय चाललंय, हे दुसरं. बोलणं शेवटी. ‘विन्स्टनला वाईट वाटतं’ असं स्क्रिप्टमध्ये आलं की चित्रकाराने ती परत पाठवायची, वाईट वाटणं कुठे दिसतं ते लिहा, खांद्यात, बोटात, कुठे. त्याच्या उजव्या घोट्याच्या वर एक जखम आहे ती खाजते, ती वापरा की.

मग थंबनेल, काड्यापेटीएवढे, सगळ्या १६० पानांचे, आणि उजवं-डावं पान जोडीने. धक्का देणारं चित्र नेहमी पान उलटल्यावर, म्हणजे डाव्या पानावर. हे थंबनेल भिंतीवर लावून दोघांनी उभ्याने वाचायचे आणि भांडायचं काय ते तेव्हाच भांडून घ्यायचं, शाई झाल्यावर भांडण महाग पडतं.

अक्षरं

देवनागरीचा फुगा इंग्रजीच्या फुग्यासारखा बनत नाही. वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, ऋकार, त्यामुळे दोन ओळींत जास्त अंतर लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत घुसतो. फुगा उंच होतो, तेवढी जागा थंबनेलमध्येच धरा. इंग्रजीत ओरडताना सगळी कॅपिटल करतात, आपल्याकडे ती सोय नाही, आपल्याला जाडी आणि आकारच. मुक्ता, बालू हे फॉन्ट फुकट आहेत आणि अनेक जाडीत मिळतात. टेलिस्क्रीनच्या आवाजाला एक वेगळा, कडक फॉन्ट ठेवा आणि फुगा चौकोनी, म्हणजे चित्रात पडदा नसला तरी कोण बोलतंय ते कळतं.

चित्र काढायच्या काही ॲपमध्ये देवनागरी टाइप केली की जोडाक्षरं तुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. पान पूर्ण झाल्यावर हे कळलं तर रडायची वेळ येते. त्यामुळे ‘ऱ्हास’, ‘कुऱ्हाड’, ‘स्त्रिया’, ‘दृष्टी’, ‘श्रुती’ असे पाच-सहा शब्द टाइप करून आधी तपासा. इंकस्केप फुकट आहे आणि त्यात देवनागरी नीट बसते, चित्र कुठेही काढा, फुगे तिथे करा. फोटोशॉप असेल तर टाइपच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय चालू करावा लागतो. जुन्या डीटीपीवाल्याकडे दिलंत तर तो त्याच्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये बदलून देतो आणि मग दुरुस्ती कोणालाच करता येत नाही, युनिकोडच ठेव म्हणून स्पष्ट सांगा.

पावसाळा आणि छपाई

हाताने, कागदावर काढणार असाल तर गोव्यातला जून ते सप्टेंबर धरूनच चाला. कार्ट्रिज कागद ओल खातो, निबच्या खाली तंतू उठतात आणि रेघ फुटते. शाई वरवर सुकलेली दिसते, हात लागला की पसरते. पूर्ण झालेली पानं प्लॅस्टिकच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, कपाटात उभी ठेवाल तर चतुर्थीपर्यंत बुरशीचे ठिपके. आमचं तर ठरलेलं असतं, पावसात स्क्रिप्ट आणि थंबनेल, शाई दिवाळीनंतर. आणि पान झालं की त्याच दिवशी स्कॅन, नुसती रेघ असेल तर ६०० डीपीआय, करडे वॉश असतील तर ३०० चालतं.

साइज डेमी घेऊ नका, नऊ पॅनल आणि देवनागरी एकत्र मावत नाही. ७ बाय ९.५ इंचाच्या आसपास बरी पडते. प्रेसवाले फॉर्म, म्हणजे एकत्र छापून घडी घालायचा गठ्ठा, १६ पानांचा धरतात, १६० म्हणजे बरोबर १० फॉर्म, १६३ पानांचं पुस्तक घेऊन गेलात तर तो १३ कोरी पानं दाखवून हसेल. कडेला ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जास्तीची जागा), आणि आतल्या बाजूला समास दणदणीत, परफेक्ट बाइंडिंगमध्ये आतला अर्धा इंच पाठीत जातो, तिथे फुगा ठेवायचा नाही. बेळगाव-कोल्हापूरकडचं कोटेशनही मागवा, पण कुठेही छापा, एक पूर्ण फॉर्म प्रूफ म्हणून खऱ्या कागदावर काढून घ्या, आणि तो तिसऱ्या भागातला घ्या. पातळ कागदावर मागच्या पानाचा काळा पुढे दिसतो आणि तुमची पांढरी कोठडी करडी होते. ९० जीएसएमच्या खाली उतरू नका.

आयएसबीएन आपल्या देशात फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय एजन्सीच्या पोर्टलवर अर्ज करायचा, पैसे मागणारा एजंट भेटला तर चहा पाजून परत पाठवा. पुस्तक आलं की १९५४ च्या कायद्याप्रमाणे ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि बाकी मुंबईची एशियाटिक, चेन्नईचं कॉनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना प्रत्येकी एक, पोस्टाचा खर्च आपला. पाटोला एक स्वतः नेऊन द्या. पोस्टाने पाठवाल त्यांच्या चारही कोपऱ्यांना पुठ्ठा लावा आणि वरून प्लॅस्टिक, पावसात तर दोन थर.